नगारखान्यातला रेडिओ

“वहिनी, रेडिओ म्हंजे काय पितळंची घागर हाय व्हय, कडंवर घेतली आन् निघाली?” दस्तगीरभाई मोटारीखालून म्हणाले. त्यांचे फक्त पाय दिसत होते.

“घागरीपरास हलकाच आसंल,” मी म्हणाले. “मी उचलते.”

पाय हलायचे थांबले. मग हळूहळू अख्खे दस्तगीरभाई बाहेर आले. कपाळाला वंगण लागलेलं, हातात पाना. माझ्याकडे आणि मग रस्त्याकडे त्यांनी नीट पाहून घेतलं. गुरवाची सून भर दुपारी मोटारतळावर एकटी आली म्हणजे घरात कुणीतरी आजारी तरी आहे नाहीतर भांडण तरी झालंय, असाच त्यांचा समज झाला असणार.

“कुठं न्यायचाय?”

“देवळात.”

“देवळात कुठं?”

“नगारखान्यात.”

दस्तगीरभाईंनी पाना खाली ठेवला. “बसा आधी,” ते म्हणाले, आणि स्वतःच चाकावर बसले.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट आहे ही. आमच्या कुसेगावात तेव्हा रेडिओ एकच, दस्तगीरभाईंचा. स्टेशन ते गाव अशी त्यांची सर्व्हिस मोटार चालायची. पुण्याहून त्यांनी हा रेडिओ आणला, तो मोटारीच्याच बॅटरीवर चालायचा. संध्याकाळची शेवटची फेरी संपली की बॅटरी काढायची, रेडिओला लावायची, आणि मग अर्धं गाव मोटारतळावर. आम्ही बायका समोरच्या आडावर पाण्याला जायचो. त्या दिवसांत गावाला पाणी फार लागायचं.

त्या दिवशी सकाळी जत्रेसाठी मुंबईहून गिरणीतला एक माणूस मोटारीनं आला होता. त्याच्याबरोबर ह्यांचा निरोप होता. निरोप मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, दारात उभं राहूनच ऐकला. आज दिवेलागणीला मुंबईच्या रेडिओवर माझी सनई आहे. दिवस बदलून मागितला, पण त्यांनी दिला नाही. वर्षभर वाट पाहिल्यावर मिळालेली संधी आहे. येता येत नाही. बाबांनी रागावू नये.

मामंजी रागावले नाहीत. “म्हंजे चाकरी गेली,” एवढंच म्हणाले आणि आत जाऊन आपली सनई पुसत बसले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

आम्ही गुरव, भैरोबाचे. रोज दिवेलागणीला देवळाच्या वेशीवरच्या नगारखान्यात चौघडा वाजतो. सनई आमच्या घराची, नगारा चुलत घराचा. घरातल्या प्रत्येक कर्त्या माणसाला वर्षातले आपापले दिवस वाटून दिलेले. मुलाच्या दिवशी बापानं वाजवलेलं चालायचं, पण वर्षातून एकदा तरी ज्याचे दिवस त्यानं स्वतः यायचं, स्वतःचा श्वास सनईत घालायचा. जत्रेचा ध्वज चढायच्या आत हे झालं नाही, तर त्याची चाकरी भाऊबंदांकडे जायची. एकदा गेली की कायमची गेली. आज ह्यांच्या वाट्याच्या दिवसांतला शेवटचा दिवस, आणि ध्वज दुसऱ्या दिवशी पहाटे चढणार होता.

हे मुंबईला गेले ते बापाशी भांडून. मामंजींचं म्हणणं, सनई देवाच्या दारात वाजवायची वस्तू, ती पेटीतनं मुंबईला न्यायची नसते. ह्यांचं म्हणणं, देव मुंबईतही आहे. दोघंही सनई वाजवणारे, त्यामुळे दोघांचाही दम मोठा. भांडण बरंच चाललं. शेवटी मामंजींनी सांगून टाकलं, ह्याचं नाव या घरात कुणी घ्यायचं नाही. मला ते सोपंच होतं. नवऱ्याचं नाव आम्ही तसंही घेत नसू, आणि मी तर लग्नात बायकांनी उंबऱ्यात अडवलं तेव्हासुद्धा नाव न घेता त्यांच्या हाताखालून वाकून आत पळाले होते. बायका पुढं कित्येक दिवस मला त्यावरून चिडवत होत्या.

पण चाकरी जाणं मला सोपं नव्हतं. या घरात आम्ही दोघंच उरलो होतो, एक धाप लागलेला म्हातारा आणि एक मी. चाकरी राहिली तर माझा माणूस वर्षातून एकदा तरी येणार, आणि आला की कधीतरी राहणार. चाकरी गेली की त्याला इथं यायला कारणच उरणार नव्हतं. देवळात चाकरी नसलेला गुरव गावात पाहुणा असतो. मला पाहुण्याची बायको व्हायचं नव्हतं.

हे सगळं मी दस्तगीरभाईंना एका दमात सांगितलं. ते आणि हे लहानपणचे जोडीदार. एकाच ओढ्यात पोहायला शिकलेले.

“एक सांगा मला,” मी विचारलं. “तुमच्या त्या पेटीत जे वाजतं, ते आधी वाजवून ठिवल्यालं आसतं का?”

“न्हाई न्हाई. ती तबकडी. हे तसं न्हाई. आत्ता तितं माणूस फुंकतोय, आत्ता हितं ऐकू येतंय. त्यो खोकला तर आपल्याला खोकला ऐकू येतोय.”

“म्हंजे श्वास त्येचाच?”

“त्येचाच की. आन् कुणाचा?”

“आन् आत्ताचाच?”

दस्तगीरभाईंनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मग त्यांच्या लक्षात आलं. ते इतक्या झटक्यात उठले की डोकं मोटारीच्या दाराला आपटलं.

“या अल्ला! वहिनी, तुमी वकील का न्हाई झाला?”

त्यानंतर जी धावपळ झाली ती मी जन्मात विसरणार नाही. उन्हं कलली तेव्हा शेवटच्या फेरीची माणसं मोटारीत बसून तयार होती. दस्तगीरभाईंनी त्यांच्यादेखत बॅटरी काढली. गलका झाला. पण कशासाठी काढली ते कळल्यावर तीच माणसं खाली उतरली, आणि कुणी बांबू घेतला, कुणी तारेचं भेंडोळं. रेडिओ दस्तगीरभाईंनी स्वतः डोक्यावर घेतला, खाली चुंबळ ठेवून. बाजारातनं आमची मिरवणूकच निघाली. सोनारणीनं ओट्यावरून विचारलं, “कुठला द्येव गं ह्यो?” आणि उत्तराची वाट न बघता रेडिओला हळदकुंकू लावून मोकळी झाली. दस्तगीरभाई बिचारे मान न हलवता उभे राहिले.

मामंजींना मी एवढंच सांगितलं, की रेडिओ देवळात आणलाय, तुम्हाला ऐकायचा तर ऐका.

“मला दिवा लावायचाय,” ते म्हणाले. “आन् चौघडा वाजवायचाय. पेट्या ऐकायला येळ न्हाई मला.”

पण अंगरखा त्यांनी धुतलेला घातला होता.

वेशीच्या दगडी जिन्यावरून बॅटरी वर चढवली. नगारखान्याच्या कमानीत रेडिओ ठेवला, तोंड पटांगणाकडे. एक तार खाली नेऊन कुंडाजवळच्या ओल्या मातीत पुरली, दुसरी बांबूला बांधून बांबू कमानीबाहेर उंच काढला. बायकांनी नगारखान्यात चढायची रीत नव्हती. पण मी समईचं तेल हातात धरून चढले, आणि तेल घेऊन चाललेल्या बाईला देवळात कुणी अडवत नाही.

अडवलं ते हैबतीमामंजींनी, आणि मला नव्हे, रेडिओला. ते आमच्या सासऱ्यांचे चुलतभाऊ. नगारा त्यांचा. माणूस वाईट नव्हता, पण दोन मुलगे होते आणि दोघांनाही सनई शिकवली होती. मुलं फुंकायची खूप, सनई वाजायची नाही एवढंच. आमची चाकरी त्या दोघांच्या वाट्याला यावी म्हणून ते वर्षभर दिवस मोजत होते.

“ह्ये काय चालवलंय?” ते नगाऱ्यामागून ओरडले. “हाटेलात तबकड्या वाजवतात तशी देवाची चाकरी करणार?”

आरडाओरडा ऐकून पटांगणात माणसं गोळा झाली, आणि खंडेराव पाटील काठी टेकत पुढं आले. चौघड्याआधी ‘चाकरी कुणाची?’ म्हणून खालून विचारायचा मान त्यांच्या घराचा. वाजवणाऱ्यानं नाहीतर त्याच्या घरच्यानं नाव सांगायचं, मग चौघडा सुरू. नाव सांगितल्याशिवाय वाजलेली सनई देवाच्या हिशेबात धरत नसत.

दस्तगीरभाईंनी पाटलांना सगळं समजावून सांगितलं, खोकल्यासकट. पाटील मान खाली घालून ऐकत होते. ऐकायला मी इतकी पुढं वाकले की हातातलं तेल हिंदकळून साडीवर सांडलं.

“रीत काय म्हणतीया?” पाटील शेवटी म्हणाले. “श्वास ज्येचा त्येचा. येळ दिव्याची. जागा देवाच्या दाराची.”

“मग?” हैबतीमामंजी म्हणाले. “श्वास मुंबईत, दार हितं!”

“हैबती, देवाला दारात बसून ऐकू आलं, म्हंजे दारात वाजलं. देव काय सनईला हात लावून बघतोय व्हय?”

लोक हसले. हैबतीमामंजी हसले नाहीत. “मग माझंबी ऐका. दिवा लागल्यावर जर का सनई लागली न्हाई, तर माझा थोरला वर चढंल आन् त्योच वाजवंल. आन् चाकरी आमची. कबूल?”

पाटलांनी मामंजींकडे पाहिलं. मामंजी दीपमाळेच्या पायथ्याशी पणतीत वात घालत होते. त्यांनी वर न बघता मान हलवली.

“कबूल,” पाटील म्हणाले.

दस्तगीरभाईंनी बटण फिरवलं. आत पिवळा उजेड आला. रेडिओ तापायला वेळ लागतो, हे सगळ्या पटांगणाला ठाऊक होतं, तरी सगळं पटांगण श्वास रोखून होतं. मग खरखर, मग शिट्टी, मग एकदम एक माणूस स्पष्ट बोलू लागला.

“...जनावराच्या तोंडाला फोड आले असता प्रथम त्यास कळपातून वेगळे बांधावे...”

“ह्यो कोण?” पाटलांनी विचारलं.

“भाषण हाय,” दस्तगीरभाई म्हणाले. “गुरांच्या रोगावर. संपंल आता. मग सनई.”

भाषण संपेना. फोड झाले, खूर झाले, मग पोटफुगी सुरू झाली. खाली शेतकरी मंडळी होती, ती कान देऊन ऐकायला लागली. एकानं तर वर ओरडून सांगितलं, “दस्तगीर, जरा आवाज वाढीव, माझी म्हस फुगलीया!” मला रडू यायला लागलं. समोर डोंगरामागं सूर्य कधीच गेला होता. देवळाच्या शिखरावरचा उजेड खाली उतरत उतरत नाहीसा झाला. नेहमी याच वेळेला मामंजी दिवा लावत. एक काडी, एक दिवा. वारं असो, वावटळ असो, त्यांना दुसरी काडी लागलेली मी कधी पाहिली नव्हती.

मी कमानीतून खाली पाहत होते. मामंजींनी काडी ओढली. विझली. दुसरी ओढली. तीही विझली.

“वारं हाय,” ते कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाले.

वारं अजिबात नव्हतं. पिंपळाचं पान हलत नव्हतं.

त्यांनी वात काढली, चिमटीत पिळली, पुन्हा घातली. मग पणती हातात धरून तिरकी केली. “तेल कमी हाय. सूनबाई, तेल!” तेल माझ्यापाशी. मी जिना उतरून गेले, घाई न करता, हे वेगळं सांगायला नको. मी तेल ओतताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी मात्र काडेपेटीकडे पाहिलं. जी काडी विझली म्हणून त्यांनी टाकली होती, तिचा गूल अजून शाबूत होता. त्यांनी ती पेटीच्या कोऱ्या बाजूवर ओढली होती.

ज्या माणसानं वर्षभर मुलाचं नाव घरात येऊ दिलं नाही, तो माणूस देवापुढं उभा राहून काडी कोऱ्या बाजूवर ओढत होता. मी वर पळाले ते पायऱ्या न बघता.

“केरबा, लाव की दिवा!” हैबतीमामंजी वरून ओरडले. “का सकाळी लावतोस?”

“काडी सर्दावलीया,” मामंजी म्हणाले.

“...अशा रीतीने पशुधनाची काळजी घेतल्यास शेतकरी बंधूंचे कल्याण होईल.” आणि भाषण संपलं.

पटांगणात कुजबुज उठली. आणि त्याच क्षणी आमच्या बांबूची दोरी सुटली. तार सळसळत कमानीवरून खाली आली आणि रेडिओचा आवाज विहिरीत पडावा तसा बुडाला. दस्तगीरभाई बटणं पिरगाळायला लागले. “तार! तार धरा कुणीतरी!”

मी धरली. खाली घसरत चाललेली तार मी दोन्ही हातांनी पकडली, तसा आवाज परत आला. हात वर केले तर आणखी मोठा झाला.

“वहिनी, हलू नका! तशाच उभ्या ऱ्हावा!”

मी तशीच उभी राहिले, कमानीच्या मधोमध, दोन्ही हात डोक्यावर उंच. पदर खांद्यावर आला. सारं गाव खाली, त्यात सासरे, पाटील, आणि मी अशी उभी. एरवी मी लाजेनं मेले असते. पण हात खाली आणायची सोय नव्हती.

“हे मुंबई केंद्र आहे,” रेडिओतला गृहस्थ म्हणाला. “आता सनईवादन ऐका. वादक आहेत...”

माझे हात थरथरले. किती धरलं तरी थरथरलेच. तार हलली आणि पुढचं सगळं खरखरीत गेलं. नाव नेमकं तेवढंच गेलं. मी ओठ चावून हात ताठ केले.

खाली मामंजींनी काडी ओढली. या वेळेला बरोबर बाजूवर. एका काडीत दिवा लागला.

आणि सनई लागली.

आधी नुसता सूर आला. लांब, सरळ. मग त्यातून सलामी निघाली. आमच्या भैरोबाची सलामी. ही चीज लग्नात वाजवत नाहीत, दुसऱ्या देवाच्या दारातही वाजवत नाहीत. ह्यांनी मुंबईत, कुठल्या बंद खोलीत बसून, कुणा अनोळखी माणसांसमोर, दिवेलागणीची वेळ साधून ती धरली होती. ह्यांना इथलं काहीच ठाऊक नव्हतं. रेडिओ नगारखान्यात आहे हेही नाही. तरी ह्यांनी चाकरीच्या दिवशी चाकरीचीच सनई वाजवली होती. मी तार आणखी घट्ट धरली.

पाटलांनी काठी आपटली.

“चाकरी कुणाची?”

घरच्या कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं. नगारखान्यात आम्ही तिघं. दस्तगीरभाई घरचे नव्हते. हैबतीमामंजी नगाऱ्याच्या टिपऱ्या मांडीवर ठेवून बसून होते.

“नाव ऐकलंय का कुणी?” ते म्हणाले. “मी न्हाई ऐकलं. कुणीबी आसंल.”

त्यांना समजलं नव्हतं असं नाही. ती सलामी जन्मभर नगाऱ्यावर घेतलेला माणूस तो. त्यांचा अंगठा नगाऱ्याच्या काठावर आपोआप मात्रा मोजत होता. पण तोंडानं कबूल करायला ते तयार नव्हते.

“चाकरी कुणाची?” पाटलांनी पुन्हा विचारलं. तीन वेळा विचारायची रीत होती. चौथ्यांदा कुणी विचारत नसे.

मी मामंजींकडे पाहिलं. ते दिव्यापाशी उभे होते, मान वर. दिव्याचा उजेड त्यांच्या हनुवटीवर पडला होता. ओठ हलले. पुन्हा हलले. आवाज फुटला नाही. ती धाप होती की हुंदका, की वर्षभर धरून ठेवलेली शपथ, कोण जाणे. सनई पुढं चालली होती, एकटी, नगाऱ्याशिवाय. तिला सोबत कुणी नव्हतं.

“वहिनी,” दस्तगीरभाई माझ्या पायाशी बसून अगदी हळू म्हणाले. “घरचं माणूस तुमीच हाय आता.”

पाटलांनी तिसऱ्यांदा काठी उचलली.

“चाकरी कुणाची?”

“आनंदा केरबा गुरवाची!”

माझा आवाज वेशीवरून गेला, दीपमाळेवर आपटला आणि परत माझ्याच कानावर आला. इतका मोठा आवाज माझ्यात आहे हे मला माहीत नव्हतं. खाली बायका ‘अगं बाई!’ म्हणाल्या. ज्यांनी मला उंबऱ्यात अडवलं होतं त्यातल्या निम्म्या तिथंच होत्या. एकीनं तोंडावर हात मारला. मी मात्र हात वर करून उभी, तार धरून, आणि नाव सुटल्यावर मला काय झालं कोण जाणे, मी हसायलाच लागले. डोळ्यांतून पाणी आणि तोंडात हसू.

“आनंदा केरबा गुरवाची,” पाटील म्हणाले. “देवानं ऐकलं. मग नगारा का गप हाय, हैबती?”

रेडिओतली सनई सलामी संपवून वळणावर आली होती. तिथं नगाऱ्यानं पडायचंच असतं. न पडणं म्हणजे चालत्या माणसाचा पाय हवेत ठेवण्यासारखं. हैबतीमामंजींचा चेहरा कडू होता, पण हात त्यांचे नव्हते, नगाऱ्याचे होते. टिपऱ्या उठल्या आणि अचूक समेवर पडल्या.

“हाण!” दस्तगीरभाई ओरडले आणि स्वतःच जीभ चावली.

काय वाजला तो नगारा! सनई मुंबईत, नगारा कुसेगावात, आणि मध्ये दोन्ही हातांत तार धरून मी. सनईनं तान घेतली की हैबतीमामंजी ‘अस्सं!’ म्हणायचे आणि मग आपण म्हटलं हे आठवून तोंड वाकडं करायचे. खाली लोक डोलत होते. म्हैसवाला सगळ्यांत पुढं. माझे दंड सुन्न झाले, मग दुखायला लागले, मग तेही कळेनासं झालं.

सनई थांबली. रेडिओतल्या गृहस्थानं काहीतरी सांगितलं, ते कुणीच ऐकलं नाही. दस्तगीरभाईंनी माझ्या हातातून तार काढून घेतली.

मामंजी जिना चढून वर आले. धाप लागली होती. ते रेडिओसमोर उकिडवे बसले आणि आतला पिवळा उजेड विझेपर्यंत बघत राहिले.

“शेवटच्या तानंला श्वास कमी पडला त्येचा,” ते रेडिओलाच म्हणाले. “तितलं जेवान बरं नसंल.” मग उठता उठता, “आनंदाला म्हणावं, घरी येऊन चार दिस भाकरी खा.”

हे आले ते पालखीच्या दिवशी. दस्तगीरभाईंच्या मोटारीनं, टपावर बसून, कारण आत जागा नव्हती. बाप आणि मुलगा भेटले तेव्हा दोघंही सनईबद्दलच बोलले, दुसरं काही नाही. मी चुलीपाशी होते. संध्याकाळी हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

“रेडिओवर माझं नाव नीट सांगितलं का गं?” ह्यांनी विचारलं. “त्येवढ्यासाठी मी त्या बुवाला चार चार येळा सांगून ठिवलं हुतं.”

“न्हाई ऐकू आलं,” मी म्हणाले. “नुसती खरखर.”

ह्यांचा चेहरा इतका उतरला की मला हसू दाबता येईना.

“मग गावाला कसं कळलं मीच ते?”

मी भाकरी उलटली. पण गावात असल्या गोष्टी झाकून राहत नाहीत. पालखी वेशीत पोचेपर्यंत तीन जणांनी ह्यांना सांगितलं होतं, आणि चौथे दस्तगीरभाई, तेही हात वर करून दाखवत.

“म्हण की पुन्यांदा,” रात्रीच्या जेवणाला बसताना हे हळूच म्हणाले.

“अंहं. ते चाकरीपुरतं हुतं.”

तेच माझं चुकलं. पुढं हे वर्षाला येऊ लागले, मग काही वर्षांनी मुंबई सोडून कायमचेच आले, आणि ह्यांच्या चाकरीचे दिवस काही माझ्या आयुष्यातून गेले नाहीत. मामंजी एका काडीत दिवा लावायचे. पाटील काठी आपटून विचारायचे, चाकरी कुणाची? आणि हा माणूस वर कमानीत सनई हातात धरून, खाली माझ्याकडे बघत, खुशाल गप्प उभा राहायचा. एकदा विचारून व्हायचं, दोनदा व्हायचं. हैबतीमामंजी टिपऱ्या उचलून ताटकळायचे. खालच्या बायका माझ्याकडे माना वळवायच्या.

दिवा लागलेला, गाव खोळंबलेलं, देव खोळंबलेला. मी तरी किती वेळ गप्प बसणार?